विश्लेषण : दृष्टिहीन व्यक्तीसाठी पहिला संगणक कसा निवडावा?

घरातील दृष्टिहीन मुलगी बारावी झाली, मुलाला स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरायचे आहेत किंवा नोकरी करता करता एखाद्याची नजर गेली, की संगणकाचा विषय निघतोच. मग घरचे दुकानात जातात आणि डोळस माणूस जे पाहतो तेच पाहतात. पडदा किती इंची, चित्र किती स्वच्छ, किंमत किती. ज्याच्यासाठी संगणक घ्यायचा, तो अनेकदा घरीच थांबलेला असतो. त्याचे प्रश्न मात्र वेगळे असतात. संगणक पहिल्या मिनिटापासून बोलतो का? बोटांना बटणे सापडतात का? अडले तर विचारायचे कोणाला? खरेदीपूर्वी या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर साध्या लॅपटॉपवरही काम भागते. ती मिळाली नाहीत, तर महागडा लॅपटॉपही कपाटात पडून राहतो.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

२०११च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. महाराष्ट्रात ती पावणेसहा लाखांच्या आसपास होती. त्यानंतरच्या काळात बँक, शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरीचे अर्ज असे बहुतेक व्यवहार ऑनलाइन झाले. डोळे मिचकावून ओळख पटवण्यासारख्या ‘केवायसी’च्या अटींमुळे दृष्टिहीन आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित अडत होते. त्यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगत न्यायालयाने २० निर्देश दिले.

परीक्षांचे चित्रही बदलते आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांग उमेदवाराला ब्रेल, मोठा टाइप, ध्वनिमुद्रण किंवा संगणक यांपैकी परीक्षेचे माध्यम निवडण्याची मुभा दिली. आपल्या परीक्षांत स्क्रीन रीडरची सोय करण्याचा निर्णय घेतल्याचे केंद्रीय लोकसेवा आयोगानेही २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कळवले. लेखनिकावर अवलंबून न राहता स्वतः पेपर लिहिण्याची वाट त्यामुळे मोकळी होते. पण ही सोय उपयोगी पडायची, तर उमेदवाराचा हात आधीपासून संगणकावर बसलेला हवा. त्यासाठी घरी संगणक हवा.

मोबाइल असताना संगणक कशाला?

अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमधील ‘व्हॉइसओव्हर’मुळे अनेक दृष्टिहीन व्यक्ती स्मार्टफोन सफाईने वापरतात. व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचे अ‍ॅप, बातम्या यांसाठी तो पुरतो. मात्र पन्नास पानांची टिपणे काढणे, एक्सेलमधील रकाने तपासणे, दोन कागदपत्रे शेजारी ठेवून काम करणे किंवा लांबलचक अर्ज भरणे फोनच्या काचेवर जिकिरीचे होते. राज्यातील अनेक सरकारी पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक अर्हता लागते. कार्यालयातील कामही संगणकावरच चालते.

दुसरे कारण बोटांचे आहे. काचेला उंचसखलपणा नसतो. की-बोर्डवरील प्रत्येक बटणाची जागा ठरलेली असते आणि ‘एफ’ व ‘जे’ या बटणांवर लहान उंचवटे असतात. तर्जनी त्यावर ठेवली, की उरलेला की-बोर्ड आपोआप हाताखाली येतो. एकदा टंकलेखन बसले, की दृष्टिहीन व्यक्ती डोळस माणसाच्या बरोबरीने लिहू शकते.

‘बोलणारा संगणक’ म्हणजे नेमके काय?

दृष्टिहीनांसाठी वेगळ्या संगणकाची गरज नसते. नेहमीच्याच संगणकावर ‘स्क्रीन रीडर’ नावाचे सॉफ्टवेअर चालते. नावावरून ते पडद्याकडे पाहून वाचत असावे असा समज होतो, पण तसे नसते. विंडोजसारखी प्रणाली पडद्यावरील प्रत्येक घटकाची माहिती मजकुराच्या रूपातही ठेवते. हे बटण आहे, त्याचे नाव ‘सेव्ह’ आहे. ही चौकट आहे, तिच्यात टिचकी मारलेली नाही. स्क्रीन रीडर ही माहिती उचलतो आणि कृत्रिम आवाजात बोलतो. वापरणारा माऊसला हात न लावता टॅब, बाण आणि इतर बटणांनी पुढे सरकतो.

अडचणी कुठे येतात, हेही यावरून कळते. संकेतस्थळ बनवणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ म्हणतो. कागद स्कॅन करून पीडीएफ केला असेल, तर संगणकाच्या लेखी ते चित्र असते. त्यात वाचण्यासारखे अक्षर नसते. मग आधी ‘ओसीआर’ तंत्राने चित्रातील अक्षरे ओळखून घ्यावी लागतात. हा दोष लॅपटॉपचा नाही. महागडा लॅपटॉप घेतल्याने तो सुटत नाही.

विंडोज, मॅक, क्रोमबुक की लिनक्स?

चारही ठिकाणी स्क्रीन रीडर असतो. विंडोजमध्ये ‘नॅरेटर’ आहे. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही तीन बटणे एकत्र दाबली की तो बोलू लागतो. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करतानाही ही युक्ती चालते. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये २००५ पासून ‘व्हॉइसओव्हर’ अंगभूत आहे आणि कमांड व एफ-५ दाबल्यावर तो सुरू होतो. क्रोमबुकमध्ये ‘क्रोमव्हॉक्स’, तर लिनक्समध्ये ‘ऑर्का’ आहे.

तरीही महाराष्ट्रातील बहुतेक नवशिक्यांसाठी विंडोज हाच सोयीचा पर्याय ठरतो. शाळा, महाविद्यालय, प्रशिक्षण केंद्र, परीक्षा केंद्र आणि कार्यालय या सर्व ठिकाणी विंडोजच जास्त भेटते. जगभरातही हाच कल दिसतो. ‘वेबएम’ या अमेरिकी संस्थेने २०२३च्या अखेरीस व २०२४च्या सुरुवातीला स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी केली. तीत दीड हजारांवर लोकांनी उत्तरे दिली आणि त्यांतील ८६ टक्के विंडोजवर काम करणारे होते.

मॅक उत्तम आहे, पण किंमत जास्त आणि शिकवणारे कमी. घरात आधीपासून मॅक असेल किंवा शिकवणारी व्यक्ती रोज तोच वापरत असेल, तर त्याचा विचार करावा. क्रोमबुक स्वस्त असले तरी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर थेट बसत नाहीत. लिनक्स मोफत आहे, मात्र अडचण आली तर मदतीला जवळ जाणकार हवा. पहिल्या संगणकासाठी ही जोखीम सहसा घेऊ नये.

एनव्हीडीए की जॉज?

विंडोजवर तीन पर्याय आहेत. नॅरेटर आधीपासून असतोच. तो सुरुवात करून द्यायला आणि अडीअडचणीला पुरेसा आहे. ‘जॉज’ हे १९९५ पासून विंडोजवर चालणारे जुने, मातब्बर सॉफ्टवेअर आहे. कार्यालयीन कामात ते भक्कम मानले जाते, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. विनापरवाना वापरल्यास ते एका वेळी ४० मिनिटे चालते आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

तिसरा पर्याय ‘एनव्हीडीए’. ऑस्ट्रेलियातील मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. पुढे जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन तंत्रज्ञ त्याला येऊन मिळाले. स्क्रीन रीडरसाठी दृष्टिहीन माणसाला डोळसांपेक्षा जास्त पैसे का मोजावे लागावेत, हा त्यामागचा प्रश्न होता. म्हणून एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते बसवतानाही बोलत राहते, त्यामुळे डोळस मदतीची गरज पडत नाही. पेन ड्राइव्हवरूनही ते चालते. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या संगणकावर पेन ड्राइव्ह लावला, की आपला आवाज आपल्यासोबत येतो.

वेबएमच्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉज वापरणारे ४०.५ टक्के, तर एनव्हीडीए वापरणारे ३७.७ टक्के होते. म्हणजे मोफत आहे म्हणून ते दुय्यम, असे समजण्याचे कारण नाही. जॉजच्या फोडलेल्या, बेकायदा प्रतींचा मोह तर आता पूर्ण टाळावा. त्यांतून व्हायरस येण्याचा धोका असतो आणि तेच काम मोफत होत असताना तो पत्करण्यात अर्थ नाही. सुरुवात एनव्हीडीएने करावी. नोकरीच्या ठिकाणी जॉज लागलाच, तर वळण सोपे असते. विंडोजची बटणे तीच राहतात. वेब पानावर मथळ्यावरून मथळ्यावर जायला ‘एच’ आणि तक्त्याकडे जायला ‘टी’ हे दोन्हींकडे सारखेच आहे.

दुकानात काय तपासावे?

पहिली अट म्हणजे ज्याला संगणक वापरायचा आहे, त्याला सोबत न्यावे. दुकानातील नमुन्याच्या लॅपटॉपवर नॅरेटर सुरू करून पाच मिनिटे त्याच्या हातात द्यावा. त्या पाच मिनिटांत पुढील गोष्टी कळतात.

की-बोर्ड : बटणे एकमेकांना चिकटलेली नकोत. वरच्या ओळीतील एफ-१ ते एफ-१२ ही बटणे चार-चारच्या गटांत असतील आणि गटांमध्ये फट असेल, तर मोजणे सोपे जाते. बाणांची बटणे पूर्ण आकाराची हवीत. लॅपटॉप बंद-चालू करण्याचे बटण डिलीटच्या शेजारी असेल, तर चुकून दाबले जाण्याची शक्यता असते. काही नव्या लॅपटॉपमध्ये उजव्या कंट्रोलच्या जागी ‘कोपायलट’चे बटण आले आहे, तेही पाहून घ्यावे. स्क्रीन रीडरच्या आज्ञांसाठी ‘इन्सर्ट’ हे बटण लागते. ते नसेल तर एनव्हीडीएमध्ये कॅप्स लॉक त्या कामाला लावता येते.

आवाज : लॅपटॉपचे स्पीकर स्पष्ट हवेत आणि हेडफोनची वायर लावायची खाच हवीच. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा येतो आणि अनेकदा शब्दाचा पहिला भाग कापला जातो. गाणी ऐकताना हे जाणवत नाही. अक्षर टाइप करताच ते ऐकू यायला हवे, तेव्हा मात्र काम अडते.

वेग : बटण दाबल्यावर बोलायला वेळ लागला, तर नवशिक्याला आपले चुकले की काय असे वाटते आणि तो पुन्हा बटण दाबतो. म्हणून फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि ८ जीबी रॅम घ्यावी. प्रोसेसर प्राथमिक श्रेणीतील चालतो.

पैसे कुठे वाचतात : जास्त रिझोल्यूशनचा पडदा, टचस्क्रीन, ग्राफिक्स कार्ड यांवर खर्च करण्याची गरज नाही. मात्र थोडी नजर शिल्लक असेल, तर गणित बदलते. अशा व्यक्तीला मोठा आणि चकाकी नसलेला पडदा उपयोगी पडतो. विंडोज आणि अधिकचे बटण दाबले, की अक्षरे मोठी करणारे ‘मॅग्निफायर’ सुरू होते. गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरांची सोयही त्यात आहे.

लॅपटॉपसोबत काही शे रुपयांचा, उजवीकडे अंकांचे बटणसंच असलेला की-बोर्ड घ्यावा. २०१८च्या सूचनांनुसार परीक्षेला स्वतःचा लॅपटॉप नेता येत नाही. केंद्रावरील संगणक एक दिवस आधी तपासून पाहण्याची मुभा असते. एनव्हीडीएच्या काही आज्ञा लॅपटॉपवर आणि मोठ्या की-बोर्डवर वेगळ्या आहेत. घरी दोन्हींचा सराव असेल, तर परीक्षेच्या दिवशी बोटे गोंधळत नाहीत.

जुना लॅपटॉप चालेल का?

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे या अटीत न बसणारे वापरलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात किंवा दान म्हणून दिले जातात. देणाऱ्याची भावना चांगली असते, पण घेणाऱ्याचा विचार वेगळा हवा. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार आणि परीक्षेचा अर्ज होणार, त्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहायला हव्यात. वाढीव मुदतीची योजना ही तात्पुरती सोय आहे. म्हणून जुना लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर त्यावर अधिकृत विंडोज ११ चालते का, एवढे आधी विचारावे.

‘डॉस’ म्हणून विकला जाणारा स्वस्त नवा लॅपटॉप विंडोजविना येतो. वेगळे विंडोज विकत घेतले, की वाचलेले पैसे त्यातच जातात.

मराठीचे काय?

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या आवाजात मराठी आहे. तो यांत्रिक वाटतो, कान सरावायला काही दिवस लागतात. पण तो लगेच बोलतो आणि वेग वाढवला तरी स्पष्ट राहतो. विंडोजचा हिंदी आवाजही देवनागरी वाचतो, मात्र उच्चार हिंदी वळणाचे येतात. टंकलेखनासाठी विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट की-बोर्ड आहे. त्यात स्वर एका बाजूला आणि व्यंजने दुसऱ्या बाजूला असल्याने न पाहता शिकायला तो सोपा जातो.

खरी अडचण जुन्या फाँटची आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरे असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिले, तर संगणकासाठी ती एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरे होतात. स्क्रीन रीडर तेच वाचतो. डोळस वाचकाला जे परिपत्रक स्वच्छ दिसते, ते दृष्टिहीन वाचकाला निव्वळ बडबड म्हणून ऐकू येते. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराला ही अडचण नाही. शिक्षक, कार्यालये आणि मित्रांनी नोट्स युनिकोडमध्ये आणि स्कॅनऐवजी मूळ फाइल म्हणून पाठवल्या, तर त्याचा फायदा कोणत्याही महागड्या साधनापेक्षा जास्त होतो.

पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून सुरू आहे. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर सभासदांना तेथे वाचनसुलभ पुस्तके मिळतात. कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीमुळे अशी पुस्तके तयार करण्यासाठी प्रकाशकाच्या परवानगीची गरज राहिलेली नाही.

पैसे आणि प्रशिक्षण कोठून?

केंद्राची ‘अ‍ॅडिप’ योजना दिव्यांगांना साहाय्यक साधने देते. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायची असते. त्यातून कोणती मदत द्यायची, हे प्रत्येक महापालिका किंवा जिल्हा परिषद ठरवते. म्हणून आपल्याच कार्यालयात चौकशी करणे उत्तम. बहुतेक ठिकाणी दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ‘यूडीआयडी’ लागते. ते नसेल तर आधी काढून घ्यावे. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

प्रशिक्षणासाठी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र, देशपातळीवर देहरादूनची राष्ट्रीय संस्था अशी नावे आहेत. जवळपास केंद्र नसेल, तर रोज स्क्रीन रीडर वापरणारी एखादी दृष्टिहीन व्यक्ती शोधावी. तिची फोनवरची तासभराची शिकवणीही मोलाची ठरते, कारण ‘उजवीकडच्या कोपऱ्यात क्लिक कर’ असे ती सांगत नाही. कोणते बटण दाबायचे ते सांगते. एमएस-सीआयटीला प्रवेश घेण्यापूर्वी त्या केंद्राच्या संगणकावर एनव्हीडीए चालते का, हे विचारून घ्यावे.

पहिला महिना कसा घालवावा?

पहिल्या आठवड्यात इंटरनेट नको, फक्त की-बोर्ड. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि वरच्या ओळीतील १ दाबले, की ‘इनपुट हेल्प’ सुरू होते. मग कोणतेही बटण दाबले तरी काही बिघडत नाही, संगणक फक्त त्याचे नाव सांगतो. दुसऱ्या आठवड्यात लिहिणे, साठवणे आणि साठवलेले पुन्हा शोधणे. त्यानंतर वेब पाने, ई-मेल आणि अर्ज. बोलणे मध्येच थांबवायचे असेल, तर कंट्रोल दाबले की पुरे. हे एक बटण आधी शिकवले, तर सततच्या आवाजाची भीती जाते. ब्रेल येणाऱ्यांना ब्रेल डिस्प्ले जोडता येतो, पण तो महाग असल्याने त्यासाठी सुरुवात अडवून ठेवू नये. ऐकण्याचीही अडचण असलेल्यांना मात्र तो पहिल्या दिवसापासून लागतो.

घरच्यांनी एक पथ्य पाळायला हवे. लॅपटॉप सुरू करताना खाते आणि पासवर्ड त्या व्यक्तीनेच तयार करावा. वेळ वाचावा म्हणून भाऊ किंवा वडील आपल्या नावाने खाते उघडून देतात, आणि मग प्रत्येक ओटीपीसाठी, प्रत्येक दुरुस्तीसाठी त्यांनाच हाक मारावी लागते. बँकेतील शिल्लक, परीक्षेचा निकाल, खासगी पत्र हे सर्व दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सवय तशीच राहते. ती सुटावी म्हणूनच तर संगणक घ्यायचा असतो. पासवर्ड टाइप करायला पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे लागली, तरी ती लागू द्यावीत.